कोट्याच्या फरशीला लोणा, ओट्यापुढे डाग: ॲसिड वॉश, पॉलिश की कोटिंग?

अंगणवेल

नमस्कार. इंदिरानगरमधल्या (नाशिक) तळमजल्याच्या घराबद्दल विचारतेय. बांधकाम साधारण ३० वर्षांपूर्वीचे. हॉल, दोन खोल्या आणि स्वयंपाकघरात हिरवट कोटा (२२ × २२ इंच), देवघरापुरता पांढरा मार्बल, मागच्या पडवीत शहाबादी.

१) बाथरूमच्या भिंतीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत कोट्यावर पांढरी पूड (लोणा) येते. पुसली की जाते, चार दिवसांनी पुन्हा हजर. तिथल्या दोन फरश्यांचे पापुद्रे सुटायला लागलेत.
२) ओट्यापुढे तेलाचे काळपट डाग, हळदीचे पिवळे डाग, आणि काही नुसतेच फिकट ठिपके. त्यांना रंग असा नाही, पण हात फिरवला की कळतात.
३) बाकी घरातली फरशी मेल्यासारखी दिसते. ओली असताना सुंदर, वाळली की राखाडी.
४) देवघरात समईखाली तेल मुरलंय, शेजारी कुंकवाचा गुलाबी डाग.

पुसायला बोअरचे पाणी आणि फिनाइल, शनिवारी त्यात मूठभर खडे मीठ. पॉलिशवाल्या एकाने सांगितले: आधी ॲसिड वॉश, मग मशीन, वर मेण. दुसरा म्हणतो घासायलाच नको, वरून एपॉक्सीचा पारदर्शक थर मारतो, दहा वर्षे बघायला नको. कोणाचे ऐकू?

---

पाथरवट

ताई, आत्ता तरी दोघांपैकी कोणाचेच नको. तुमच्या यादीत चार वेगळे आजार आहेत आणि दोघेही चारींवर आपापले एकच औषध देताहेत.

आधी दगड ओळखून घ्या. कोटा, शहाबादी, कडप्पा, जैसलमेर, तांदूर हे सगळे चुनखडकाच्या जातीचे. कोटा राजस्थानातून येतो, शहाबादी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातून. मार्बल म्हणजे तोच चुनखडक जमिनीच्या पोटात उष्णतेने आणि दाबाने पुन्हा स्फटिकला गेलेला. सगळ्यांचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्याला कुठलेही आम्ल चालत नाही. पलंगाखालच्या एखाद्या फरशीवर लिंबाचे दोन थेंब टाका, पाच मिनिटांनी पुसा आणि मोबाईलचा टॉर्च जमिनीला जवळजवळ टेकवून तिरपा धरा. थेंबाएवढा निस्तेज गोल दिसेल. तुमच्या ओट्यापुढचे बिनरंगाचे ठिपके तेच आहेत. ते डाग नाहीतच, तिथला दगड खाल्ला गेलाय. कितीही पुसा, जाणार नाहीत, कारण काढायला तिथे काही उरलेलेच नाही.

आता ॲसिड वॉशचा विचार करा. लिंबू पाच मिनिटांत जे एका थेंबापुरते करते, ते हायड्रोक्लोरिक ॲसिड काही सेकंदांत सगळ्या घराला करेल. वर फेस येतो, मळ उचलला जातो, त्या दिवशी फरशी स्वच्छ दिसते आणि गिऱ्हाईक खूश. पण पॉलिशची वरची घट्ट कातडी गेलेली असते. शिवाय ॲसिड आणि दगड मिळून कॅल्शियम क्लोराइड तयार होते. ते हवेतला ओलावा ओढते. नीट धुतले गेले नाही तर पावसाळ्यात ती फरशी चिकट, दमट राहते आणि काळी पडते. दर्जांमधला (फरश्यांच्या सांध्यांमधला) सिमेंटही त्याच ॲसिडने पोकळ होतो. टॉयलेट साफ करायच्या बहुतेक निळ्या द्रावणांत हेच ॲसिड असते, तेव्हा बाथरूम धुतल्यावर तोच ब्रश उंबऱ्याबाहेर फिरवू नका.

व्हिनेगर, लिंबाची सालं, चिंचेचे पाणी, तुरटी: व्हिडिओंमध्ये जे जे सांगतात त्यातले निम्मे आम्लधर्मी असते. तुरटी साधी वाटते, पण तिचे पाणीही आम्लच. तांब्याच्या भांड्याला ठीक. फरशीला नाही.

आणि तिसरा मुद्दा, पुसायचे पाणी. बोअरच्या जड पाण्यातले क्षार पाणी उडाल्यावर दगडावरच बसतात. फिनाइलमधल्या तेलाचा पातळ थर बसतो, त्यावर धूळ चिकटते. त्यात मीठ. ओली असताना सुंदर आणि वाळली की राखाडी, यामागे बरेचदा एवढेच असते. दगड झिजलेला नसतो, त्यावर राप चढलेला असतो. पॉलिशवर खर्च करण्याआधी तीन आठवडे असे पुसून बघा:

आधी कोरडा केर, मऊ कुंच्याने. पायाने येणाऱ्या वाळूचे कण कोट्यापेक्षा कितीतरी कठीण असतात. ते न काढता ओले फडके फिरवले की तो सॅंडपेपरच झाला. मग दोन बादल्या घ्या. एकीत ५ लिटर नळाचे पाणी (गंगापूर धरणाचे, बोअरचे नको) आणि एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली, सौम्य डिशवॉश लिक्विड. लिंबाचा नुसता वास असलेले चालते, ‘लिंबाच्या आम्लाची शक्ती’ म्हणून विकतात ते नको. दुसऱ्या बादलीत नुसते पाणी. फडके घट्ट पिळून पुसा, नुसत्या पाण्याच्या दुसऱ्या फडक्याने साबण काढा, आणि कोरडे फडके फिरवा. हे शेवटचे फडके सगळे टाळतात, आणि फरक त्यानेच पडतो. पाणी खोलीगणिक बदला.

साबण जास्त घातला तर जास्त स्वच्छ होत नाही, जास्त चिकट होते.

---

रसायनशाळा

डागांचे मी सांगते. ओट्यापुढे मिसळीची वाटी उलटली असे धरा. तर्री, हळद आणि वरून पिळलेले लिंबू. एका सांडण्यात तीन दुखणी: तेल दगडाच्या छिद्रांत उतरते आणि तिथला रंग गडद होतो, हळद रंगवते, लिंबू खाते. गडद झाला असेल तर काहीतरी आत गेलंय. फिकट किंवा निस्तेज झाला असेल तर काहीतरी बाहेर गेलंय. पहिल्यावर लेप लागू पडतो. दुसऱ्याला घासूनच पुन्हा चकाकी आणावी लागते. (नाशिकमध्ये रेड वाइनचेही तेच, ती आम्ल आणि रंग दोन्ही घेऊन येते. सांडली की पुसत बसू नका, टिपा. पुसले की डाग पसरतो.)

लेपाचे तत्त्व सोपे आहे. दगडाच्या छिद्रातली घाण द्रावणात सुटायला हवी, आणि ते द्रावण वर सरकून पावडरीत वाळायला हवे. म्हणजे लेप पूर्ण वाळेपर्यंत काम करतो. ओला असतानाच खरवडला तर सुटलेली घाण पुन्हा खाली बसते. बहुतेकांचे इथेच चुकते.

पावडर म्हणून रंगाच्या दुकानात मिळणारी खडू पावडर किंवा चिनी माती घ्या. मुलतानी माती कोट्यावर चालेल, पांढऱ्या मार्बलवर टाळा. तिच्यात लोह असते, पिवळट छटा राहू शकते.

तेलासाठी: तळहाताएवढ्या डागाला साधारण ५-६ मोठे चमचे पावडर, आणि ॲसिटोन घालून श्रीखंडाइतके दाट. डागाच्या कडेबाहेर बोटभर जाईल असा, अर्धा सेंटिमीटर जाड थापा. प्लॅस्टिकने झाका, चारी कडा टेपने बंद करा, २४ तास ठेवा. मग प्लॅस्टिक काढून आणखी एक दिवस उघडे वाळू द्या. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने उचला, स्टीलच्या चमच्याने नको. जुन्या डागाला दोन-तीन वेळा करावे लागते. ॲसिटोन पेट घेते: स्वयंपाकघरात करताना शेगडी बंद, रेग्युलेटर बंद, फ्रिजचे बटण बंद, खिडक्या उघड्या, देवघरात निरांजन नाही. हे जमण्यासारखे नसेल तर ॲसिटोनऐवजी पाण्यात डिशवॉशचे काही थेंब आणि पावडरीऐवजी खाण्याचा सोडा. काम सावकाश होते, पण होते.

हळदीसाठी: औषधाच्या दुकानातले ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि खडू पावडर, तसाच लेप. फक्त इथे प्लॅस्टिकला सुईने चार-पाच भोके पाडा, कारण वायू सुटतो. हातमोजे घाला. सोडा लावाल तर हळद क्षणात लाल होईल. घाबरू नका, हळदीला चुना लागला की कुंकू होते तीच ही क्रिया. लाल झाले म्हणजे डाग वाढला असे नाही, पण गेलाही नाही. हळदीचा रंग उन्हातही विटतो. खिडकीतून ऊन येत असेल तिथले डाग वर्षाच्या आत आपोआप फिके पडलेले दिसतील.

कुंकवालाही पेरॉक्साइडच, मार्बलवर आधी कोपऱ्यात करून बघून. हल्लीच्या कुंकवात कृत्रिम रंग असतो, पूर्ण जाईल याची खात्री देत नाही. समईखाली एक ताटली कायमची ठेवा. रंगीत रांगोळीसुद्धा कोरडीच झाडून काढायची. ओल्या फडक्याने पुसली की रंग विरघळून थेट मार्बलमध्ये.

ब्लीच कशालाच नको. आणि ब्लीच व टॉयलेट क्लीनर एकाच दिवशी एकाच मोरीत तर मुळीच नको, क्लोरीन वायू होतो.

मिठाबद्दल पाथरवट थोडक्यात बोलले, पण ते फार महत्त्वाचे आहे. मीठ पाण्याबरोबर दगडात उतरते आणि वाळताना छिद्राच्या आत स्फटिक बांधते. स्फटिक वाढला की छिद्राच्या भिंतींवर दाब येतो. दर आठवड्याला हे होत राहिले की वरचा पापुद्रा उचलला जातो. श्रद्धेचा प्रश्न असेल तर मीठ वाटीत घालून कोपऱ्यात ठेवा, तिथे ते कोणाचे नुकसान करत नाही.

---

जोतेपातळी

पांढऱ्या पुडीवर अजून कोणी आलेले दिसत नाही, म्हणून लिहितो. मला विचाराल तर बाकी तीन तक्रारी दिवाळीपर्यंत थांबल्या तरी चालतील, ही थांबणार नाही.

लोणा म्हणजे ओलीची पावती. खालच्या भरावातून किंवा बाजूच्या भिंतीतून ओल येते, फरशीखालच्या चुन्या-सिमेंटमधले क्षार विरघळवत वर चढते, वर पाणी उडते आणि क्षार राहतात. तुमच्याकडे ती फक्त बाथरूमच्या भिंतीशी दोन-अडीच फुटांत आहे. जमिनीतली ओल असती तर ती साधारण सगळ्या खोलीत, निदान बाहेरच्या भिंतींनी दिसली असती. त्यामुळे पहिला संशय नहाणी ट्रॅपचा किंवा बाथरूमच्या फरशीच्या दर्जांचा.

खात्रीसाठी जाड पारदर्शक प्लॅस्टिकचे २ × २ फुटांचे तीन तुकडे घ्या. एक पुडीच्या जागी, एक हॉलच्या मध्ये, एक बाहेरच्या भिंतीशी. चारही बाजू चिकटपट्टीने हवाबंद करून ४८ तास ठेवा. खालच्या बाजूने थेंब आले किंवा फरशी गडद झाली तर ओल खालून आहे. प्लॅस्टिकच्या वरून दमट वाटले तर ती हवेतली, पावसाळ्यात तसे होते.

मग बाथरूमची परीक्षा. नहाणी ट्रॅपच्या तोंडात चिंध्यांचा घट्ट बोळा आणि वर प्लॅस्टिक. उंबऱ्याच्या खाली राहील इतके, साधारण इंचभर पाणी साठवा, भिंतीवर पेन्सिलने खूण, २४ तास वापर बंद. एक-दोन मिलिमीटर हवेने उतरते. त्याहून स्पष्ट जास्त उतरले तर फरशीतून किंवा तिच्या कडांतून झिरपतंय. पातळी हलली नाही पण ओल आहे, तर ट्रॅपच्या जोडात किंवा पुढच्या पाइपात शोधा. नळाच्या लाइनसाठी रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा काटा बघा. सकाळी पुढे गेलेला असेल तर गळती दाबाच्या लाइनला आहे.

पुडीला पाणी लावून पुसणे ही सगळ्यात मोठी चूक. क्षार विरघळतात आणि पुन्हा आत जातात, चार दिवसांनी हजर होतात ते त्यामुळेच. कोरड्या मऊ ब्रशने झाडा, सुपलीत गोळा करा, बाहेर टाका. तारेचा ब्रश नको. ओल बंद झाल्यावर उरलेले क्षार ओढायला टिश्यू पेपर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून त्याचा लगदा फरशीवर थापा आणि कडकडीत वाळू द्या, मग उचला. दोन-तीन वेळा. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात मिळते. मागताना बॅटरीचे *पाणी* मागा, तिथे *ॲसिड*ही विकतात.

आणि एपॉक्सीवाल्याला नमस्कार सांगा. खालून ओल चालू असताना वरून न श्वास घेणारा थर मारला तर पाणी कुठे जाणार? थराखाली पांढरे ढग येतात, मग फोड, मग थर सोलतो आणि सोलताना कोट्याचा पापुद्राही घेऊन जातो. दुसरी शक्यता, ओल फरशीतून वाट न मिळाल्याने भिंतीत चढते. प्लास्टर फुगायला लागले की सगळे रंगाऱ्याला शिव्या घालतात.

बाहेर एकदा बघा: इमारतीच्या कडेला कुंड्या, माती, पेव्हर ब्लॉक रचून जमीन जोत्याच्या वर तर आलेली नाही ना? माती जोत्याच्या पातळीपेक्षा निदान ६ इंच खाली हवी आणि उतार भिंतीपासून बाहेर. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. भराव नीट ठोकलेला नसेल तर फरश्याही हलतात. नाण्याने प्रत्येक फरशी वाजवून बघा. खणखणीत आली तर ठीक, बद्द आली तर खाली पोकळी आहे. अशांवर खडूने फुली मारून ठेवा, पुढे पॉलिशवाल्याला दाखवायला.

---

अंगणवेल

तुमचे वाचून प्लॅस्टिक लावले होते. बाथरूमशेजारी खालून थेंब, हॉल आणि बाहेरची भिंत कोरडी. इंचभर पाण्याची पातळी २४ तासांत जवळजवळ निम्म्यावर. बद्द वाजणाऱ्या फरश्या पाच, त्यातल्या चार त्याच पट्ट्यात. आता क्रम काय? आणि शेवटी पॉलिश करायची झाली तर पॉलिशवाल्याला नेमके काय विचारायचे?

---

जोतेपातळी

निदान झाले. बाथरूमची फरशी काढून, खालच्या कोब्यावर वॉटरप्रूफिंग करून, ते भिंतीवर निदान फूटभर आणि शॉवरच्या बाजूला पुरुषभर उंच चढवून, ट्रॅपच्या गळ्यापर्यंत आत उतरवून, पुन्हा तीच पाण्याची परीक्षा फरशी बसवण्याआधी घ्या. नुसत्या दर्जा भरून तात्पुरते थांबते, पण पातळी इतकी उतरतेय म्हणजे वाट मोठी आहे. पैसे शिल्लक असतील तर आधी इथे घाला.

त्यानंतर घाई नको. भराव सावकाश सुकतो. १५ दिवसांच्या अंतराने दोनदा प्लॅस्टिकची परीक्षा कोरडी आली की पुढचे बोला. बद्द वाजणाऱ्या पाचही फरश्या उचलून पुन्हा बसवा, मशीन फिरायच्या आत. पापुद्रे सुटलेल्या दोन तर बदलाच. जुन्या छटेचा कोटा नवा मिळणे कठीण, म्हणून कपाटाखालच्या दोन चांगल्या फरश्या काढून तिथे लावा आणि नव्या कपाटाखाली.

---

दर्जाभर

पॉलिशचे मी सांगतो. ‘चौरस फुटाला इतके’ या आकड्याला अर्थ नाही, जोवर त्यात किती हात आणि घासायच्या दगडाचे कुठले नंबर ते ठरत नाही. कागदावर लिहून घ्या.

कोट्याच्या घासाईत खडबडीत दगडापासून बारीककडे जातात. नव्याने बसवलेल्या, उंच-सखल फरशीला ६० किंवा ८० नंबरपासून सुरुवात. तुमची फरशी एकदा पॉलिश झालेली आहे. दोन फरश्यांच्या सांध्यावर नाणे आडवे सरकवून बघा, अडखळत नसेल तर ६०-८० ची गरज नाही, उगाच दगड खर्ची पडतो. १२० पासून सुरू करा, मग २२०, ३२०, ४००. डायमंड पॅड असतील तर २००, ४००, ८००, १५०० आणि हवी असेल तर ३०००. मधला नंबर गाळला की त्याआधीच्या दगडाचे ओरखडे राहतात आणि पुढचा बारीक दगड त्यांना चमकवून ठेवतो. दिवसा दिसत नाही. संध्याकाळी दारातून तिरपा उजेड आला की गोल-गोल चकल्या दिसतात. म्हणून प्रत्येक हातानंतर फरशी धुवून, वाळवून, टॉर्च तिरपा धरून स्वतः बघा. मगच पुढचा नंबर.

दर हातानंतर स्लरी, म्हणजे घासताना निघालेला चिखल, पूर्ण काढायची. आधीच्या खरखरीत दगडाचा एक कण राहिला तरी पुढच्या हातात ओरखडे पाडतो. ती स्लरी मोरीत सोडू देऊ नका, ट्रॅपच्या तळाशी बसून घट्ट होते आणि तुम्ही नुकताच नवा केलेला ट्रॅप तुंबतो. बादलीत निवळू द्या, वरचे पाणी टाका, गाळ गोणीत.

पहिल्या हातानंतर दर्जा आणि बारीक खड्डे भरायचे, पांढऱ्या सिमेंटमध्ये कोट्याच्या छटेचा रंग कालवून. दर्जा आधी कोरून काढा, निदान ३-४ मिलिमीटर खोल. नुसती वरून पुसलेली भरणी पुढच्याच हाताला उडते. भरणी किमान २४ तास ओलसर ठेवून मगच मशीन.

शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पूड. ‘आत्ता तर ॲसिड नको म्हणालात’ असे वाटेल. हे आम्ल दगडाच्या पृष्ठावर कॅल्शियम ऑक्झलेटची घट्ट, न विरघळणारी कातडी बनवते, म्हणून चकाकी येते. हायड्रोक्लोरिकसारखे ते दगड वाहून नेत नाही. प्रमाण चौरस मीटरला साधारण ३३ ग्रॅम, पाणी शिंपडून नमद्याने (जाड फेल्टने) किंवा गोणपाटाच्या बोळ्याने जोर लावून घासायचे. मूठमूठ टाकली तर पांढरट डाग उरतात. विषारी आहे: हातमोजे, नाकाला मास्क, मुले आणि मांजर दुसऱ्या खोलीत, नंतर दोनदा धुणे.

ओट्यापुढचे खाल्लेले ठिपके याच कामात निघतील. नुसते तेवढेच काढायचे असतील तर ४००-८०० चे हातपॅड आणि ऑक्झॅलिकची चिमूट, ओल्या नमद्यावर, एका ठिपक्याला पाच-सात मिनिटे. डागांचे लेप मात्र मशीनच्या आधी उरका.

आणखी दोन गोष्टी ठरवताना विचारा. मशीनची चकती भिंतीपासून तीन-चार इंच दूर राहते, ती पट्टी आणि स्कर्टिंग हातमशीनने करणार की सोडणार? सोडली तर सगळ्या घराला काळी किनार येते. आणि वीज: ओल्या फरशीवर मोटर फिरणार, तेव्हा घरात ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (शॉक बसताच वीज तोडणारा स्विच) आहे का ते आधी तपासा. तारेला मधे उघडा जोड दिसला तर काम थांबवा.

हंगाम दिवाळीनंतरचा. जुलै-ऑगस्टमध्ये केलेली भरणी वाळत नाही.

---

जुनावाडा

पहिल्या पॉलिशवाल्याने सांगितलेल्या मेणाबद्दल कोणी बोललेच नाही, ते का नको? आणि जवसाचे तेल? पंचवटीतल्या जुन्या घरांत शहाबादीला तेलाचा हात देतातच, काळीभोर दिसते. कडप्प्याच्या ओट्यालाही.

---

पाथरवट

दिसते, पण किती दिवस? जवसाचे तेल हवेत सुकून कडक होते, म्हणून खोबरेल किंवा गोडेतेलापेक्षा बरे. ती दोन्ही कधी सुकतच नाहीत, खवट होतात आणि मुंग्या आणतात. पण जवसाचा थरही कालांतराने पिवळा-तपकिरी पडतो आणि काढता येत नाही. ज्या पडवीत रोज चपला घालून वावर, तिथे दरवर्षी कोणी हात मारणार असेल तर करा, अगदी पातळ, आणि अर्ध्या तासात जादा तेल पूर्ण पुसून. तेलाचे बोळे गोळा करून कोंबून ठेवू नका, जवसाच्या तेलाचे बोळे आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवा, मग टाका.

मेण कोरड्या, वरच्या मजल्यावरच्या खोलीत चालेल. स्वयंपाकघरात घसरते आणि मळ धरते. ताईंच्या तळमजल्यावर तर अजिबात नको, ओलीची वाट अडते.

बाकी वाड्याच्या चौकातला दगड हा वेगळाच विषय. तो आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, काळाराम मंदिर किंवा पांडवलेणीचा तोच. लिंबाने त्याला सहसा काही होत नाही (मधे पांढरे मणी असतील त्यांतले काही फसफसतात). त्याला पॉलिशची गरजच नसते, खराटा आणि पाणी पुरे. चुनखडकाचे नियम त्याला लावू नका आणि त्याचे कोट्याला.

---

अंगणवेल

पॉलिशनंतर सीलर लावावा का? दुकानात विचारले तर ‘वेट लुक’ आणि ‘नॅचरल’ असे दोन डबे दाखवले.

---

रसायनशाळा

‘वेट लुक’ म्हणून विकतात ते बहुतेक वेळा वर थर बनवणारे ॲक्रिलिक असते, एपॉक्सीचाच धाकटा भाऊ. तुमच्याकडे नको. ‘नॅचरल’वर सिलेन किंवा सिलॉक्सेन आणि ‘पेनिट्रेटिंग’ असे लिहिलेय का बघा. ते छिद्रांच्या भिंतींना आतून लागते. पाणी आत शिरत नाही पण वाफ बाहेर येऊ शकते. ओट्यापुढे आणि समईखाली तेलालाही अडवणारे हवे, त्यासाठी डब्यावर ‘ऑइल रिपेलंट’ किंवा फ्लोरोपॉलिमरचा उल्लेख लागतो. ते महाग असते, म्हणून स्वयंपाकघर आणि देवघरापुरतेच घ्या.

आधी गरज आहे का ते पाहा. पॉलिश झाल्यावर चमचाभर पाणी फरशीवर ओतून १० मिनिटे थांबा, पुसा. खाली गडद गोल उमटला तर दगड पितोय, सीलर लावा. उमटला नाही तर सीलर आत जाणारच नाही, वर चिकट पडून राहील.

लावताना: फरशी किमान ३ दिवस पूर्ण कोरडी. एका फरशीवर आधी प्रयोग. फडक्याने पातळ थर, आणि १०-१५ मिनिटांत, वाळायच्या आत, उरलेले कोरड्या फडक्याने संपूर्ण पुसून घ्या. राहिले तर पांढरट धुके बसते आणि ते काढायला पुन्हा तेच द्रावण लावून घासावे लागते. २४ तास पाणी नाही. दरवर्षी तीच चमचाभर पाण्याची परीक्षा, गडद उमटले की पुन्हा एक हात.

सीलर लावल्यावर लिंबू सांडले तरी फरशी खाल्लीच जाणार. सीलर डाग अडवतो, आम्ल नाही.

---

अंगणवेल

समजले. आधी बाथरूम, मग थांबणे, मग लेप, पाच फरश्या, मशीन आणि शेवटी सीलर. एकच राहिले: नळाचे पाणी पुसण्यात घालवायला जिवावर येते. आरओचे वाया जाणारे पाणी बादलीत साठवतो, ते चालेल का?

---

पाथरवट

नेमके तेच नको. आरओ क्षार गाळून त्या वाया जाणाऱ्या पाण्यात लोटतो, म्हणजे ते मूळ पाण्यापेक्षा जड. बोअरचे पाणी आरओतून जात असेल तर आणखीच. ते संडासात आणि पायरी धुवायला घ्या.

---

जोतेपातळी

उन्हाळ्यात एसीच्या नळीतून टपकते ते पाणी मात्र बिनधास्त वापरा. हवेतली वाफ थंड होऊन पडलेली असते, क्षार नावालाच. फडक्यातून गाळून घ्या, नळीत धूळ असते. लोणा ओढायच्या लगद्यालाही चालेल, डिस्टिल्ड वॉटरचे पैसे वाचतील.